औषध लागू पडतंय का, हे कळायला किती खर्च येतो?

शुगरची किंवा बीपीची गोळी एकदा सुरू झाली की ती बहुधा जन्मभराची होते. मोहोळच्या कुठल्याही मेडिकलमध्ये पगार झाल्यानंतरच्या आठवड्यात बघा. लोक रिकामं पाकीट काउंटरवर ठेवतात आणि “हेच महिन्याचं द्या” म्हणतात. महिन्याला आठशे-हजार, वर्षाला दहा-बारा हजार रुपये असे जातात. पण मागच्या दिवाळीपेक्षा या दिवाळीत आजार आटोक्यात आहे का, असं त्या घरात विचारलं तर उत्तर मिळत नाही. रिपोर्ट असतात. एक कपाटात, एक मोटारसायकलच्या डिकीत आणि एक सोलापूरच्या दवाखान्यातच राहिलेला. उसाच्या काट्याची पावती बिल जमा होईपर्यंत जिवापाड जपणाऱ्या घरात आईच्या मूत्रपिंडाच्या तपासणीतला, क्रिएटिनिनचा मागचा आकडा सापडत नाही. मग डॉक्टरही फक्त आजचा आकडा बघून निर्णय घेतात, कारण त्यांच्यापुढे दुसरं काही नसतं.

आपल्या तब्येतीच्या नोंदी घरी कशा ठेवायच्या, त्यातून उपचाराचा परिणाम कसा ओळखायचा आणि या सगळ्याला किती पैसे लागतात, ते इथे सांगितलं आहे. खासगी दर ढोबळ आहेत. लॅबप्रमाणे, कंपनीप्रमाणे ते कमी-जास्त होतात, म्हणून रक्त देण्याआधी दर विचारून घ्यावा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

शेजारच्या बार्शीने काय केलं

नोंदी ठेवल्याने काय साधतं, हे बघायला फार लांब जायला नको. मोहोळहून वैरागमार्गे बार्शी गाठता येते. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. निव्वळ खेड्यांसाठीची देशातली ती पहिली नोंदणी. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांमध्ये कर्मचारी जायचे, लोकांना गोळा करून लक्षणं समजावून सांगायचे आणि ज्याच्यावर संशय असेल त्याला तपासणीला यायला सांगायचे. कुणाला कुठला कर्करोग झाला, तो कुठल्या टप्प्यावर सापडला, काय उपचार झाले आणि पुढे तो माणूस किती जगला, हे सगळं कागदावर यायचं. ज्या गावांत माणूस कशाने गेला हे कुठेच लिहिलेलं नसायचं, तिथे हे काम नेटाने झालं.

या पायावर पुढे फार मोठी गोष्ट उभी राहिली. १९९९ मध्ये बार्शीच्या डॉक्टरांनी मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांच्याबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून ते चार भागांत वाटले. तीन भागांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन वेगवेगळ्या चाचण्या झाल्या, चौथ्यात नेहमीची सेवा चालू राहिली. मग आठ वर्षं पाठपुरावा झाला. एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्याच्या घरात आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले आणि जगभर वाचले गेले. त्यामागे आपल्याच भागातल्या बायकांनी दिलेला वेळ होता, आणि वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून वह्या भरणारी माणसं होती.

या सगळ्याच्या तळाशी तीन नोंदी आहेत. सुरुवातीला काय होतं, मग काय केलं आणि त्यानंतर काय झालं. घरच्या वहीतही याच तीन गोष्टी यायला हव्यात. यातली एक जरी राहिली तरी औषध लागू पडलं की नाही, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही.

वही: शंभर-दोनशे रुपयांत

शंभर पानी लांब वही ४० ते ६० रुपयांना मिळते, आणि प्लास्टिकच्या कप्प्यांची फाइल १०० ते १५० रुपयांना. घरातल्या प्रत्येक आजारी माणसाला वेगळी वही आणि वेगळी फाइल हवी. नवरा-बायकोचे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवले की आडनाव एकच असल्याने घोळ होतो.

वहीच्या पहिल्या पानावर नाव, जन्मसाल, आजार कुठल्या साली निघाला, कुठलं ऑपरेशन कधी झालं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे आणि सध्या चालू असलेली औषधं लिहावीत. औषधाचं नाव लिहिताना कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा लिहावा. ‘पांढरी मोठी गोळी’ या वर्णनावरून सोलापूरच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता कुणालाही काही कळत नाही.

पुढच्या पानांवर रकाने आखावेत: तारीख, वेळ, बीपी, शुगर (उपाशीपोटी की जेवणानंतर), वजन आणि शेरा. सगळ्यात मोलाचा रकाना शेऱ्याचा. ‘दोन दिवस गोळी संपली होती’, ‘लग्नातलं जेवण’, ‘एकादशी, उपवास’, ‘रात्री लाइट आली म्हणून पाणी द्यायला गेलो, झोप नाही’, ‘ताप’. आकडा का हलला, याचं कारण पुष्कळदा या दोन-चार शब्दांत सापडतं. पंढरपूर शेजारी असलेल्या आपल्या तालुक्यात एकादशीचे उपवास घरोघर असतात. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. असं दोनदा घडल्याचं वहीत दिसलं तर डॉक्टर उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची, ते बदलून देतात. वहीत नसेल तर रुग्ण सांगायला विसरतो आणि डॉक्टर विचारायला.

लिहिणार कोण, हेही ठरवून टाकावं. आजींना लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी नात लिहील. फक्त काम एकाच माणसाकडे असावं.

बीपीचं एक पान वाचून बघू

समजा, अनगर भागातले अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी आहेत. दोन वर्षं बीपीची गोळी चालू आहे. दवाखान्यात कधी १६० निघतं, कधी १३०. त्यांना स्वतःला वाटतं, ‘आपलं बरं चाललंय.’ डॉक्टरांकडे जायच्या आधी त्यांनी सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजलं. पहिल्या दिवसाचा आकडा सोडून द्यायचा असतो, कारण नव्याची धास्ती असते. उरलेल्या सहा दिवसांचे वरचे आकडे असे आले: सकाळी १५२, १४८, १४६, १५०, १४४, १४८. संध्याकाळी १३८, १३६, १४०, १३४, १३८, १३६.

सकाळच्यांची बेरीज ८८८, भागिले सहा, सरासरी १४८. संध्याकाळच्यांची ८२२, सरासरी १३७. घरी मोजलेलं बीपी साधारण १३५/८५ च्या खाली असावं असं धरतात. म्हणजे संध्याकाळी ते काठावर आहेत आणि सकाळी चांगलंच जास्त. ही माहिती ‘आज १४२ आहे’ या एका आकड्यातून कधीच मिळाली नसती. डॉक्टर आता गोळीचा डोस बघतील, वेळ बघतील, झोपेत घोरता का विचारतील, मीठ आणि तंबाखूबद्दल विचारतील. बदल झाला की वहीत आडवी रेघ मारायची आणि तिथे तारीख घालून काय बदललं ते लिहायचं. चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवस मोजायचं. सकाळची सरासरी १४८ वरून १३२ वर आली तर बदल लागू पडला. १४६ वरच अडकली तर पडला नाही, आणि पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. गोळी आपल्या मनाने वाढवायची किंवा तोडायची मात्र नाही. वही डॉक्टरांना दाखवण्यासाठी आहे.

सरकारी यंत्रणाही मोठ्या प्रमाणावर हेच करते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत चालू झाला. त्यात प्रत्येक रुग्णाचं कार्ड असतं, आणि किती जणांना गोळ्या दिल्या यावर न थांबता शेवटच्या भेटीत किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली होतं, हे मोजलं जातं.

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र १,५०० ते २,५०० रुपयांना मिळतं. मनगटाचं स्वस्त पडतं, पण ते घेऊ नये, आकडा फार हलतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्यावा, नाहीतर बीपी खोटंच जास्त दिसतं. वर्षातून एकदा यंत्र दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून बघावं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, विडी काही नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून शांत बसायचं, दंड छातीच्या उंचीवर ठेवायचा, मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्हींची सरासरी लिहायची. यंत्र घेणं परवडत नसेल तर गावच्या आरोग्य उपकेंद्रात बीपी फुकट मोजून मिळतं. आकडा लिहून आणण्याचं काम तेवढं आपलं.

शुगर: खर्च पट्ट्यांचा

ग्लुकोमीटर ६०० ते १,२०० रुपयांना मिळतो, सोबत थोड्या पट्ट्याही येतात. पुढचा खरा खर्च पट्ट्यांचा, एक साधारण १५ ते २५ रुपयांना. म्हणून यंत्र घेताना त्याच्या पट्ट्या मोहोळमध्ये सहज मिळतात का आणि कितीला, हे आधी विचारावं. जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी. पट्ट्यांची मुदत बघावी आणि डबीचं झाकण लगेच लावावं. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पट्ट्या खराब होतात. घरच्या यंत्रात आणि लॅबमध्ये थोडा फरक येतोच. पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मानकांतही धरलेला आहे, तेव्हा १४० आणि १५० यांत चांगलं-वाईट शोधत बसू नये.

गोळ्यांवर असलेल्या आणि बऱ्यापैकी स्थिर असलेल्या माणसाला रोज बोट टोचायची गरज सहसा नसते. आठवड्याला दोनदा, तेही कधी उपाशीपोटी आणि कधी जेवणानंतर दोन तासांनी, एवढं बहुधा पुरतं. इन्सुलिनवाल्यांचं गणित वेगळं, ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

परिणाम मोजण्याची मुख्य तपासणी म्हणजे एचबीएवनसी. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी ती दाखवते, म्हणून आदल्या दिवशी केलेलं पथ्य तिथे चालत नाही. आजार स्थिर असेल तर वर्षातून दोनदा, औषध बदललं असेल किंवा शुगर वाढलेली असेल तर तीन महिन्यांनी. खासगीत ३५० ते ६०० रुपये. बहुतेकांसाठी ७ च्या खालचं लक्ष्य ठेवतात, खूप वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ते सैल करतात. एक सावधगिरी मात्र हवी. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय इतका आहे की एचबीएवनसीबरोबर हिमोग्लोबिनचा आकडा वहीत असलाच पाहिजे.

आता क्रिएटिनिन. मूत्रपिंडाची ही तपासणी १५० ते २५० रुपयांत होते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. रिपोर्टवर शेजारी सामान्य मर्यादा छापलेली असते, समजा ०.७ ते १.३. एखाद्या बाईंचा आकडा तीन वर्षांत ०.८, मग १.०, मग १.२ असा आला. तीनही रिपोर्टवर ठळक अक्षरात काही नाही, लॅबवाल्याने ‘नॉर्मल आहे’ म्हणून सांगितलं, घरचे निश्चिंत. पण तीन आकडे एकाखाली एक लिहिले की कल कुठे चाललाय ते दिसतं, आणि मूत्रपिंडाकडे लक्ष द्यायची वेळ हीच असते. सुटे तीन रिपोर्ट हे सांगत नाहीत. म्हणून अशा तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये कराव्यात, म्हणजे यंत्र बदलल्यामुळे आकडा बदलला की आजारामुळे, हा गोंधळ राहत नाही.

याशिवाय वर्षातून एकदा कोलेस्टेरॉलची तपासणी (४०० ते ७००), लघवीतल्या प्रथिनाची (४०० ते ८००), डोळ्याच्या पडद्याची (३०० ते ६००) आणि पायाची तपासणी. पायाला पैसे लागत नाहीत, डॉक्टरांपुढे चप्पल काढावी लागते इतकंच.

वर्षाचा हिशेब मांडू. एचबीएवनसी दोनदा ९००, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर चार वेळा ६००, क्रिएटिनिन २००, कोलेस्टेरॉल ५००, लघवी ६००, डोळे ४००. झाले ३,२००. महिन्याला आठ पट्ट्या, एक वीस रुपयांना धरली तर वर्षाला १,९२०. वही-फाइल २००. एकूण ५,३२० रुपये. पहिल्या वर्षी दोन यंत्रांचे आणखी सुमारे २,९०० धरले तर ८,२२०. म्हणजे सगळं खासगीत केलं तरी औषधांच्या वार्षिक खर्चापेक्षा कमीच. आणि ‘फुल बॉडी चेकअप’चं ९९९ किंवा १,९९९ चं पॅकेज घ्यायची गरज नाही. साठ-सत्तर आकड्यांच्या त्या यादीतले बहुतेक कुणीच पुढे वापरत नाही, आणि लागणारी लघवीची किंवा डोळ्याची तपासणी त्यात सहसा नसते.

सरकारी दवाखान्यात

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि मोहोळचं ग्रामीण रुग्णालय यात येतात. तिथून रक्ताचे नमुने ‘महालॅब’ योजनेतून तपासायला जातात. म्हणजे वरच्या ५,३२० मधला मोठा भाग शून्यावर येऊ शकतो. अडचण असते ती रिपोर्टची. तो दुसऱ्या दिवशी किंवा नंतर येतो, आणि पुष्कळ लोक परत घ्यायला जातच नाहीत. रक्त देतानाच रिपोर्ट कधी आणि कुणाकडे मिळेल हे विचारून वहीत लिहून ठेवावं.

सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे आणि वेगळ्या विभागाखाली येतं. तिथे काही सेवांना शुल्क पडू शकतं, ते खिडकीवर आधी विचारावं. एसटीने जाताना बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. फेऱ्या माराव्या लागणाऱ्या रुग्णाच्या हिशेबात हे पैसे मोजायलाच हवेत.

घरी तिशी ओलांडलेलं कुणी असेल आणि आशाताई फॉर्म घेऊन आल्या तर त्यांना दारातून परत पाठवू नका. तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम, घराण्यातला आजार असे प्रश्न त्या विचारतात. त्यावरून बीपी, शुगर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी मोफत होते. वहीतला ‘सुरुवातीचा आकडा’ इथे बिनपैशात मिळतो.

ऑपरेशन करायचं असेल तर

आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही, ही गोष्ट ऑपरेशनमध्ये फार जाणवते. मोतीबिंदूच्या कार्डावर आधीची नजर ६/६० अशी लिहिलेली असते. सहा मीटरवरून जे दिसतं ते चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं, असा त्याचा अर्थ. महिन्या-दीड महिन्याने ६/९ किंवा ६/१२ लिहिलं गेलं तर काम झालं. कार्डावर दोन्ही आकडे लिहून घ्या. गुडघा बदलायचा असेल तर आधी न थांबता किती चालता येतं, जिने चढता येतात का, दहापैकी दुखणं किती, हे तारखेसह लिहावं, आणि सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, वर्षाने पुन्हा. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही: असं ऑपरेशन वर्षाला किती करता, त्यात जंतुसंसर्ग किती जणांना झाला, पुन्हा टेबलावर किती जणांना घ्यावं लागलं? ज्यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब ठेवला आहे ते शांतपणे सांगतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ठरवायच्या आधी तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का आणि ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे १५५३८८ वर विचारा. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आभा क्रमांक आणि मोबाईल

‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक मोफत निघतो. आधारला जोडलेला मोबाईल लागतो, कारण ओटीपी त्यावर येतो. क्रमांक काढला म्हणजे सगळे जुने रिपोर्ट आपोआप त्यात आले, असं मात्र नाही. दवाखाना किंवा लॅब त्या व्यवस्थेशी जोडलेली असेल आणि त्यांनी रिपोर्ट तुमच्या क्रमांकाला जोडला, तरच तो दिसतो. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा तर तुमची संमती लागते आणि दिलेली संमती काढूनही घेता येते. ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नका.

आभा असला तरी वही सोडायची नाही. रिपोर्टचा फोटो काढताना उजेडात, पूर्ण कागद आणि तारीख दिसेल असा काढावा, आणि घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवावा. ईसीजीची पट्टी पुष्कळदा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. वर्ष-दोन वर्षांत ती कोरी पडते. छातीत दुखायला लागल्यावर जुना ईसीजी आजच्याशी ताडून बघायचा असतो, तेव्हा कोऱ्या कागदाचा काय उपयोग? दवाखान्यातून निघाल्यावर पहिल्या झेरॉक्सच्या दुकानात थांबायचं. खर्च दोन-पाच रुपये.

आपले कागद मिळवताना

डिस्चार्ज कार्ड मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. ऑपरेशनची टिपणी, सगळे लॅब रिपोर्ट, स्कॅनची फिल्म किंवा सीडी, आणि हृदयात स्टेंट किंवा गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवला असेल तर त्याच्या खोक्यावरचं स्टिकर, हे सगळं मागून घ्यावं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. हॉस्पिटलने नेहमीचं प्रतींचं शुल्क घेऊन रुग्णाला कागदपत्रांच्या प्रती दिल्या पाहिजेत, असं मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये सांगितलं आहे. बिल थकलंय म्हणून माहितीच द्यायची नाही, असं चालत नाही.

मागणी तोंडी करू नका. साध्या कागदावर रुग्णाचं नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, कुठले कागद हवेत हे लिहा. दोन प्रती करा, एकीवर तारीख आणि शिक्का घेऊन ती फाइलमध्ये लावा. घ्यायला नकार दिला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तीन वर्षांची मुदत उलटायच्या आत हे करून टाकावं.

तरीही नाही मिळालं तर दोन वाटा आहेत. पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक कायदा लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना फी नाही. मोफत सरकारी उपचारांना हा कायदा लागत नाही, तिथे माहितीचा अधिकार वापरायचा. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘माझी सर्व माहिती द्यावी’ असं मोघम न लिहिता केसपेपर क्रमांक, तारखा आणि कागदांची नावं लिहावीत. केसपेपर क्रमांक वहीत लिहून ठेवलेला असेल तर हा अर्ज दहा मिनिटांत होतो.